भिसेगावातलं सुतक

पोपटची मिशी जळाली ती फक्त डाव्या बाजूची. उजवी शाबूत राहिली आणि खरं संकट तेच होतं. दोन्ही जळाल्या असत्या तर निदान काही ठरवायचं उरलं नसतं. अर्धी मिशी घेऊन कर्जतच्या मालधक्क्यावर हजेरी कशी लावायची, हे कुणी सांगावं?

दोष चुलीचा होता. पोपट बार्शीकडचा, घाटावरचा गडी. तिकडं वाळक्या तुरकाट्या चुलीत सारल्या की पेटतात. इकडं भिसेगावात दसरा होऊन गेला तरी लाकडं ओली. तासभर फुंकून डोळे सुजले, तेव्हा त्यानं वैतागून घासलेट ओतलं आणि पुन्हा वाकून फुंकर मारली. भक्कन जाळ झाला. पोपट उताणा पडला, उठला आणि पाण्याची अख्खी घागर चुलीवर उपडी केली. मग आरशात पाहिलं आणि मटकन खाली बसला.

आता बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे काय पोपटला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. मिशी उतरवायची ती आईबाप गेल्यावर. पण दुसरा इलाज तरी काय होता? त्यानं वस्तरा काढला, बार्शीची दिशा अंदाजानं धरून हात जोडले, “आबा, चुकी झाली,” म्हणाला आणि उजवी मिशी साफ केली. मग उंबऱ्यावर येऊन बसला. डोळे धुरानं लाल, तोंड काळं, मागं विझलेल्या चुलीतून पाणी ओघळतंय.

खरं सांगायचं तर त्याला रडायला मिशीचीही गरज नव्हती. इथं येऊन त्याला महिना झाला होता आणि महिन्याभरात कामापलीकडचा एक शब्द कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं. लोक वाईट नव्हते, पण हा घाटावरचा, बुजरा. रोज दोन्ही वेळा भात खाऊन त्याचं पोट भरायचं नाही आणि वाळत घातलेल्या सुकटीच्या वासानं डोकं उठायचं. परत जावं, तर तेही दार बंद. शेत सोडून रेल्वेची चाकरी धरली म्हणून बाप, आबाजी, निघताना ओरडला होता, “पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नकोस!” पोपटला हे कर्जत परदेशच होतं. कुठल्याही परदेशात माणसाला जे हवं असतं तेच त्याला हवं होतं, म्हणजे कुणीतरी बसून दोन शब्द बोलावेत. एवढंच.

त्याच वेळी धाकलू कामावरून घरी येत होता. धाकलू स्टेशनावर सांधेवाला, रूळ बदलणारा. त्याचं घर पोपटच्या खोलीपलीकडं, कुडाच्या पल्याड. तो थबकला. त्यानं पोपटचा साफ झालेला वरचा ओठ पाहिला, लाल डोळे पाहिले, विझवलेली चूल पाहिली. अशा वेळी कुणी काही विचारत नसतं. धाकलूनंही विचारलं नाही. हातातला कंदील खाली ठेवला, शेजारी बसला आणि पोपटच्या खांद्यावर हात ठेवला.

“रडून घे,” तो म्हणाला. “इथं कोन बघत नाय.”

आणि पोपटला खरंच रडू फुटलं. आपली मिशी गेल्याचं एवढं दुःख दुसऱ्या कुणाला असतं ह्याचंच त्याला नवल वाटलं असेल, पण हुंदके थांबेनात. धाकलू बराच वेळ बसला. मग उठला, विहिरीवर गेला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर बादली ओतून घेतली. उकडत असेल, असं पोपटला वाटलं.

दुपारी धाकलूची आई चंद्राबाई आली. हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं तांदळाच्या भाकरी आणि पिठलं लांबूनच जमिनीवर ठेवलं.

“खा रं बाबा दोन घास. आज चूल पेटवू नको हां.”

“न्हाई पेटवत, मावशी,” पोपट ओशाळून म्हणाला. इतक्या लवकर हिला चुलीचं कसं कळलं, ह्या विचारात त्यानं चारही भाकरी संपवल्या.

संध्याकाळी आळीतले सहा-सात बाप्ये आले. ओटीवर बसले. कुणी बोलेना. एकानं “पाऊस लई झाला औंदा,” म्हटलं, त्यावर बाकीच्यांनी माना हलवल्या. मग एकेक जण उठला आणि ‘येतो’ न म्हणता चालता झाला. चांगले आहेत लोक, पण रीत विचित्र, असं पोपटनं मनाशी ठरवलं. तरी त्याला बरं वाटलं. महिन्यानंतर त्याच्या ओटीवर माणसं बसली होती.

दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर बड्या बाबूंनी त्याला दारातच अडवलं.

“अरे, तू कशाला आलास? एकतर सुतक, त्यात आज लग्नाचं सामान उतरायचंय. कशाला हात लावू नकोस. धाकलूनं सांगितलंय मला सगळं. दहा दिवस येऊ नकोस.”

“सुतक? कुणाचं सुतक?”

बाबूंनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि बाजूच्या माणसाला हळूच म्हणाले, “लई मनाला लावून घेतलंय पोरानं.”

तेव्हा कुठं पोपटच्या डोक्यात प्रकाश पडला. हात आपोआप ओठावर गेला. तो तडक धावत भिसेगावात आला. धाकलू अंगणात कुड बांधत होता.

“धाकलू, अरे माझा बाप जिता हाय!”

धाकलूनं हातातला कोयता खाली ठेवला. “व्हय,” तो मऊ आवाजात म्हणाला. “हाय. जिताच हाय.”

“तसं न्हाई रं! खराखुरा जिता हाय! बार्शीला. बैल हाणतोय!”

“हानू दे, हानू दे. तू बस. पानी पी.”

“मिशी माझी चुलीत जळाली!”

धाकलूनं आईकडं पाहिलं. चंद्राबाई पदर सावरत पुढं आली. “त्याला बोलू दे रं, तसंच वाटतं मानसाला,” ती म्हणाली आणि पोपटकडं वळली. “आमचं हे समिंद्रापार बसऱ्याला हायेत. लढाईत सरकारनं रूळ टाकायला नेलं, ते तिकडंच राह्यले. लोक कायबाय बोलतात. मी कुनाचं ऐकत नाय. माझं मन मला सांगतं, येतील. तू बी खुशाल म्हन, जिता हाय म्हनून.”

पोपटचा जीव भांड्यात पडला. एकीनं तरी ऐकलं!

“पन बाबा,” चंद्राबाई पुढं म्हणाली, “धाव्या दिवसाचं तेवढं करून टाक हां. ते चुकवू नये.”

आता बोला! पोपटनं आणखी एकदोन ठिकाणी प्रयत्न करून पाहिला. वाण्याला सांगितलं, वाण्यानं डोळे पुसले. न्हाव्याला सांगितलं, तो म्हणाला, “असंच हसत-खेळत राहा.” जितकं खरं सांगावं तितकी लोकांची खात्री वाढत चालली आणि पोरगं भ्रमिष्ट होईल ह्या काळजीनं लोक त्याला एकटं सोडेनासे झाले. शेवटी तो दमला. खोटं तो एकदाही बोलला नाही. खरं सांगायचं मात्र त्यानं सोडून दिलं.

आणि खरं सांगून मिळणार तरी काय होतं? सकाळी वालाचं बिरडं यायचं, संध्याकाळी धाकलू येऊन बसायचा. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, ओलं लाकूड कसं पेटवायचं, बड्या बाबूंच्या कुठल्या रागाला भ्यायचं आणि कुठल्या नाही, हे सगळं त्यानं पोपटला शिकवलं. दोघं कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर लांबवर हिंडून आले. पोपटनं त्याला बापाशी झालेलं भांडणही सांगितलं.

“म्हंजी तोंड न बघताच...” धाकलू म्हणाला. पुढं चालताना त्यानं विचारलं, “गावाकडं कोन करील मंग?”

“थोरला भाऊ हाय,” पोपटच्या तोंडून निघून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

“त्यो करील तिकडं. तू इथं कर. तू बी लेकच हायेस. भटजींना सांगून ठेवतो मी, नदीवर.”

इथवर सगळं ठीक होतं. पिठलं-भाकरीनं बापाला काही होत नाही. पण जित्या बापाच्या नावानं पिंड? ते देणं म्हणजे त्याला हातानं ढकलून देण्यासारखंच. रागावला असला तरी बाप होता. रात्ररात्र पोपटला झोप येईना. मिशीची खुंटं वाढू लागली, दहावा दिवस जवळ येऊ लागला तसा तो आणखीच घाबरला. लोकांना वाटलं, शोकानं खंगला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं धाकलूला समोर बसवलं. “हे बघ. मला येड लागलेलं न्हाई. डोळ्यांत बघ माझ्या. आबा जिता हाय. तुमी जीव लावला म्हणून माझी जीभ रेटली न्हाई, तो माझा गुन्हा. पण उद्या पिंड दिला तर मी बापाचा मारेकरी व्हईन. वाटंल तर बोलणं टाक माझ्याशी, पण हे थांबव.”

धाकलूनं नजर चुकवली. मग म्हणाला, “भटजींना सांगून झालंय रं. तू फकस्त ये. तुझ्या बापाला काय व्हनार नाय, माझा शबुद.”

हा माणूस आता दगड झालाय, असं पोपटला वाटलं. पहाटे पळून जायचं त्यानं ठरवलं. पण पहाट व्हायच्या आतच अर्धी आळी दारात उभी होती.

उल्हास नदीच्या काठावर भटजी दर्भ मांडून बसले होते. पोपटला आंघोळ घातली, पुढ्यात पिंड ठेवले. धाकलू त्याच्या शेजारी अगदी चिकटून बसला.

“गेलेल्याचं नाव?” भटजींनी विचारलं.

आबाजी हे नाव पोपट काही केल्या उच्चारणार नव्हता. त्यानं ओठ घट्ट मिटले. भटजी पुन्हा म्हणाले, “नाव सांगा, नाव.”

“त्याला नाय सांगवायचं,” धाकलू म्हणाला. “मी सांगतो.” आणि तो वाकून भटजींच्या कानात काहीतरी कुजबुजला.

पोपटला एकदम हायसं वाटलं. ह्याला माझ्या बापाचं नाव कुठं ठाऊक आहे? मी तर सदा आबाच म्हणतो. म्हणजे भलत्याच कुणाच्या नावानं पिंड जातोय. जाऊ दे! पुढचं सगळं त्यानं भराभर केलं. हात त्याचा होता, पण त्याच्या हाताखाली धाकलूनंही आपला हात धरला होता.

पिंड ठेवून सगळे मागं सरले. करंजाच्या झाडावर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून बघू लागला आणि तसाच बसून राहिला. ऊन चढलं. लोकांची चुळबुळ सुरू झाली.

“काहीतरी मागं राहिलंय म्हाताऱ्याचं,” भटजी म्हणाले. “शब्द द्या कुणीतरी.”

मग शब्दांचा पाऊस पडला. एक म्हणाला, “म्हाताऱ्या, तुझ्या बैलांना पेंड घालतील बरं का!” दुसरा म्हणाला, “पोराचं लगीन आमी लावून देऊ!” वाणी म्हणाला, “तंबाखू ठेवा तंबाखू.” तंबाखू ठेवली. कावळा ढिम्म. पोपटला मात्र मनातून त्या कावळ्याचा अभिमान वाटत होता. एवढ्या लोकांत खरं काय ते एकट्या त्यालाच कळलं होतं.

तेवढ्यात धाकलू उठला. पिंडांजवळ जाऊन उकिडवा बसला, हात जोडले आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलला. कुणालाच ऐकू आलं नाही. तो मागं सरला आणि कावळा झाडावरून उतरला. टुणटुण करत आला, पिंडावर चोच मारली, शीत घेऊन उडाला.

“शिवला! शिवला!” सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

कावळा शिवला! म्हणजे आबा खरंच गेला! पोपट तसाच ओल्या धोतरानं स्टेशनाच्या दिशेनं पळत सुटला. “आबा! आबा!” त्याच्या मागं धाकलू धावला आणि आंबराईपाशी त्यानं त्याला धरलं.

“सोड मला! पुण्याची गाडी गाठू दे! कावळा शिवला न्हवं!”

“अरं थांब! तुझा म्हातारा ठनठनीत हाय!” धाकलूनं पहाटेच आंब्यामागं लपवून ठेवलेलं एक गाठोडं काढून त्याच्या हातात दिलं. “बग. परवा आलं. बार्शीहून आलेल्या फिटरनं स्टेशनावर मलाच दिलं. ज्वारीचं पीठ हाय, शेंगांची चटनी हाय. म्हातारा शिव्या देत व्हता म्हनं, पोरगं भात खाऊन मरंल म्हनून. आनी दिवाळीच्या आत तुझं बिऱ्हाड बगायला येतोय.”

पोपटनं गाठोडं हुंगलं. आईच्या हातची चटणी. त्याला धीर आला आणि लगेच संताप मस्तकात गेला.

“परवा? म्हणजे काल मी एवढं रडून सांगितलं तवा तुला ठावं होतं? तरी मला नदीवर नेलंस? जित्या माणसाचं दहावं केलंस?”

“तुझ्या बापाचं नाय केलं.” धाकलू तिथंच बांधावर बसला. “माझ्या बापाचं केलं.”

पोपटनं गाठोडं खाली ठेवलं.

“बसऱ्याहून एक मानूस परत आला, पाच वर्सं झाली. त्यानं मला सांगितलं. बोटीतच ताप आला, दोन दिवसांत गेला. समिंद्रात सोडला त्याला. मी आईला सांगितलं नाय. कसं सांगू? सांगितलं की तिचं कुकू गेलं, बांगड्या गेल्या. त्याची वाट बगन्यावर तर ती जगते. मंग मी रडायचं कुठं? मिशी काढायची कुठं? पाच वर्सं मी मिशीला पीळ देत हिंडतोय, आनी बाप माझा पान्यात, तहानेला.” त्यानं तोंड फिरवलं. “त्या दिवशी तू उंबऱ्यावर बसलेलास ना, मला वाटलं, बरं हाय ह्याचं. ह्याला रडता येतं. मंग गाठोडं आलं आनी मी म्हटलं, आता सगळं ठरलंच हाय तर... तुझा गुन्हेगार हाय मी. तुझ्या सुतकात माझा बाप घुसवला.”

“त्या कावळ्याला काय सांगितलंस?” पोपटनं विचारलं.

“म्हटलं, आईला कळू देनार नाय. ती जगंल तवर सवाशीनच जगंल.”

पोपट त्याच्या शेजारी बसला. आता खांद्यावर हात ठेवायची पाळी त्याची होती. त्यानं तो ठेवला. पण थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं आणि तो ताडकन उभा राहिला.

“धाकलू, आबा दिवाळीच्या आत येतोय म्हणालास?”

“व्हय.”

“मग आता? तो समोर उभा राहिला की सगळी आळी विचारंल, दहावं झालं ते कुणाचं? आणि मावशीच्या कानावर गेलं तर?”

धाकलूनं कपाळावर हात मारला. ह्याचा विचार त्यानं केलाच नव्हता. पाच वर्षं एवढं मोठं गुपित सांभाळणारा माणूस, पण एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. अशी माणसं असतात.

आबाजी आला तो पांढरंशुभ्र मुंडासं बांधून, झुपकेदार मिशीला तेल लावून. स्टेशनाच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागं नेऊन पोपटनं त्याला सगळं सांगितलं, चुलीपासून कावळ्यापर्यंत. धाकलू बाजूला मान खाली घालून उभा होता. आता म्हातारा काठी उगारणार आणि तसाच पाठमोरा होऊन गाडीत बसणार, अशी पोपटची खात्री होती.

“म्हणजे मला मारलास व्हय रं,” आबाजी म्हणाला.

“आबा, मी लई सांगितलं...”

“गप.” आबाजीनं धाकलूकडं पाहिलं. “त्या माउलीला अजून ठावं न्हाई?”

“नाय,” धाकलू म्हणाला.

आबाजीनं मुंडासं नीट केलं. मग खाकरला. “बरं. मग मी कोण?”

“चुलता म्हणू का?” पोपटनं चाचरत विचारलं.

“थोरला चुलता म्हण. धाकटा म्हणलास तर थोरल्या भावासाठी मला बी मिशी काढावी लागंल.”

दुपारी चंद्राबाईनं पाहुण्याला जेवायला बोलावलं. दारात त्याला पाहताच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. “तुमच्या तोंडावळ्यावरनंच कळतं हो, भाऊ कसा असंल ते,” ती म्हणाली. पोपटला ठसका लागला. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि अशा वेळी विचारायचं ते विचारलं.

“मानूस चांगला व्हता ना?”

आबाजीनं घास ताटात ठेवला. स्वतःविषयी काय सांगावं, हे एवढ्या वयात त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“तसा बरा होता, बाई,” तो म्हणाला. “कष्टाळू होता. जरा तोंडानं फाटका. पोरगं परमुलखात निघालं तवा त्याला नको ते बोलला. मागनं लई वाईट वाटलं त्याला. पण गाडी निघून गेली होती. आणि पोराला म्हणावं, ये बाबा घरी, एवढं त्याच्या तोंडून काय निघालं न्हाई.”

पोपट भाताकडं बघत राहिला. त्याला भात दिसेनासा झाला होता.

“कळतं हो पोरांना,” चंद्राबाई म्हणाली आणि पाहुण्याच्या ताटात आणखी भात वाढला. “आमचं हे बी निघताना माज्यावर चिडलं व्हतं. बोटीचा वक्त झाला, मी रडत बसले म्हनून. येतील तवा मीच पयली बोलनार हाय. सांगन त्यांना, तुमी नव्हता तवा असा एक पाव्हना जेवून गेला.”

धाकलू पाणी आणायचं निमित्त करून उठला.

“सांगा,” आबाजी म्हणाला, आणि खाली मान घालून त्यानं ताटातला भात संपवला.